पाकिटावरचं शीत

पाकीट वाफेवर धरताना चिकटवलेली बाजू खाली हवी आणि भांड्यात पाणी अगदी थोडं हवं, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. पहिल्या पाकिटाचा मी लगदा केला. शाई पसरली, अक्षर लागेना, शेवटी ते बंबात घालावं लागलं. दुसऱ्यापासून मात्र हात बसला.

त्या दिवशी माझ्या हातात होतं ते खैरमोड्यांचं तिसरं पत्र. माझी शाळा सकाळची, म्हणून मी साडेबाराला घरी असे. हेमा, म्हणजे माझी बायको हेमलता, बारा ते चार बालवाडीत असे. आणि पोस्टमन दोनला यायचा. हे वेळापत्रक काही मी बसवलेलं नव्हतं.

पाकिटाची जीभ सुटली. आतला कागद मी फुंकर मारून वाळवला आणि वाचायला लागलो.

'सौ. हेमलताबाई यांस, सप्रेम नमस्कार. तुमचं दुसरं पत्रही पोचलं. दोन्ही पत्रं उशाशी ठेवली आहेत. तुमची कथा रोज एकदा वाचतो. "त्या"च्याविषयी तुम्हाला समक्ष काही विचारायचं आहे, ते कागदावर लिहिता येणार नाही. एकदा भेट व्हावी आणि घर पाहावं एवढीच इच्छा आहे. आपला, आ. वि. खैरमोडे, मु. पो. उंब्रज.'

स्टोव्ह बंद करून मी तिथेच पाटावर बसलो. 'उशाशी' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला. ताई नाही, वहिनी नाही, थेट हेमलताबाई. आणि अक्षर कसं, तर एकेक ओळ फूटपट्टी ठेवून काढल्यासारखी. असं अक्षर असलेला माणूस देखणाच असणार, असं मी ठरवून टाकलं. वय अठ्ठावीस ते बत्तीस.

पत्र घडी घालून परत आत सरकवलं. दुपारच्या भातातलं एक शीत बोटाने चिरडून पाकिटाच्या जिभेवर फिरवलं, शब्दकोशाखाली पाकीट दाबून ठेवलं आणि साडेतीनला ते रेडिओशेजारच्या फळीवर, पोस्टमनने नुकतंच टाकल्यासारखं ठेवून दिलं.

फलटणमध्ये तेव्हा लेखक म्हणजे मी, पद्माकर आगटे. हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि माझे दोन कथासंग्रह निघाले होते. गणेशोत्सवात, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला, कुणाच्या शोकसभेलासुद्धा लोक मलाच बोलवत. त्या वर्षी 'कौलारू' दिवाळी अंकाचे संपादक टिळेकर यांनी माझ्याकडे कथा मागितली. मी 'ऐलतीरावरचा उंबर' पाठवायला घेतली. पाकीट बंद करणार इतक्यात हेमा हात पुसत बाहेर आली.

"त्यातच माझी एक घातली तर चालेल का?"

"तुझी काय?"

"कथा. भुताच्या घराची आहे."

मला हसू आलं. "बालवाडीतल्या पोरांना सांगतेस तसली?"

"साधारण तसलीच," ती म्हणाली. "तुम्ही आधी वाचता का?"

"वाचीन की. छापून आल्यावर वाचण्यात जास्त मजा असते."

मीच ते पाकीट पोस्टात टाकलं. टिळेकर तिची कथा साभार परत पाठवतील आणि मग मी तिची समजूत घालीन, अशी माझी साधारण कल्पना होती. समजूत घालायची वाक्यंसुद्धा तयार होती. पुढे अंक आला तो दोन्ही कथा घेऊन. तिची शेवटच्या पानांत होती, नाव 'राहतं घर'. मी माझी कथा उभ्या उभ्या दोनदा वाचली. संध्याकाळी हेमाने विचारलं, "वाचलीत?"

"वाचली," मी म्हणालो. "चांगली आहे. शेवट जरा घाईत झालाय."

शेवट घाईत झालाय हे कुठल्याही नव्या लेखकाच्या कथेबद्दल बिनधास्त सांगता येतं. ती "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांत पत्रं सुरू झाली. टिळेकर ती गठ्ठ्याने पाठवत, काही सरळ आमच्या पत्त्यावर येत. 'ऐलतीरावरचा उंबर' या माझ्या कथेवर एक कार्ड आलं. जमखंडीच्या मेव्हण्याचं. 'अंकाची छपाई फार बारीक आहे. तुमची कथा चष्मा बदलल्यावर वाचीन.' बाकी सगळं टपाल 'राहतं घर'च्या लेखिकेला.

नगरच्या एका कॉलेजातल्या मुलाने लिहिलं होतं, '"तो" जिन्याखाली उभा राहून तिची पावलं ऐकतो, तिथे मी अंक मिटला आणि आईजवळ जाऊन बसलो.' संगमनेरहून कुणी विचारलं होतं, 'त्याला तिचा एवढा ध्यास का? तिने त्याचं काय घेतलंय?' बार्शीच्या एका बाईने फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या. 'तुम्ही आमच्या घरी कधी येऊन गेलात? ओळख तरी द्यायची.' एका निवृत्त हेडमास्तरांनी मात्र भुताखेतांच्या गोष्टी साहित्यात बसत नाहीत असं खडसावून कळवलं होतं. ते कार्ड मला फार आवडलं. ते गठ्ठ्यात सगळ्यात वर राहील अशी काळजी मी आठवडाभर घेतली.

हेमा रोज संध्याकाळी चहाच्या वेळी पत्रं घेऊन बसायची. "वाचून दाखवू?" असं विचारायची.

"नको. वह्या तपासायच्यात."

"हे बघा, माणच्या बाई काय लिहितायत. यजमान कथा वाचून दोन दिवस गप्प होते आणि मग म्हणाले, ही लेखिका आहे कोण."

"असतील. लोकांना उद्योग नसतात."

ती मग मनाशीच वाचायची. मधेच हसायची. एखाद्या पत्रावर हात ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघायची. मी समोर वह्यांवर लाल शाईच्या रेघा ओढत असायचो आणि माझं सगळं लक्ष तिच्या हाताखालच्या त्या कार्डाकडे असायचं. मला हेवा वाटत होता, दुसरा शब्द नाही. पंधरा वर्षं लिहून मला जे मिळालं नव्हतं ते हिला चुलीपुढे बसून लिहिलेल्या एका गोष्टीवर मिळालं होतं, आणि ती ते चहाबरोबर खारी खावी इतक्या सहज घेत होती.

'वाचून दाखव' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण ते म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून मग दुपारी कार्डं वाचायला लागलो. कार्डं उघडीच असतात, त्यात काय चोरी. मग अंतर्देशीय पत्रांच्या कडांतून डोकावायला लागलो. आणि मग स्टोव्ह पेटवला. त्याआधी मी हेमाचं एकही पत्र फोडलेलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो.

आता कुणी विचारेल, एवढं सगळं करण्यापेक्षा कथाच का वाचली नाही? अंक घरातच होता, फळीवर. खरं कारण सांगतो. पत्रं लिहिणारे मूर्ख आहेत असं मला स्वतःला सांगता येत होतं. कथा वाचली असती आणि ती चांगली निघाली असती, तर मग मी कुणाला मूर्ख म्हणणार होतो? तेव्हा मी पत्रांतूनच ती कथा जुळवत गेलो. एक घर आहे. त्यात एक बाई राहायला येते. घरात 'तो' आहे. त्याचा जीव तिच्यात अडकलाय, तो तिला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. कुणीतरी प्रेमात मेलेला तरुण असणार. आणि हेमाने त्याला इतकं जिवंत केलंय की नगरपासून बार्शीपर्यंत लोक घाबरतात, म्हणजे तिला तो कुठेतरी भेटलेला असणार. भुताचासुद्धा मला मत्सर वाटायला लागला. त्यात उंब्रजहून हे खैरमोडे आले.

त्यांना ती उत्तरं लिहीत होती, आणि कार्डं नव्हे, पाकिटं. एकदा मी खोलीत शिरलो तेव्हा तिच्यापुढे भरलेली दोन पानं होती. मला बघून तिने ती झाकली नाहीत, की पुढेही केली नाहीत.

"कुणाला एवढं?" मी विचारलं.

"एका वाचकाला."

"वाचकाला दोन पानं?"

"त्यांचा प्रश्नच तसा आहे," ती म्हणाली आणि पुढे लिहीत राहिली.

तिसऱ्या पत्रातला 'उशाशी' वाचल्यावर मी जे केलं ते आज लिहितानाही कान तापतात. मी एक अंतर्देशीय आणलं आणि हेमाच्या नावाने उत्तर लिहिलं. 'पत्र पोचले. येत्या रविवारी सकाळी अकरापर्यंत यावे. घर दाखवीन. हेमलता आगटे.' तिचा तो तिरका 'ह' मी रफ वहीत पानभर गिरवून घेतला होता. समोरासमोर बसवायचं आणि दोघांची तोंडं बघायची, असा माझा बेत होता.

रविवारी मी इस्त्रीचा सदरा घातला. हेमा ओट्याशी मेथी निवडत होती.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. रविवारी माणसाने जरा नीट राहावं."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत मेथी निवडायला लागली. अकराला दहा मिनिटं असताना कडी वाजली. मी दार उघडलं.

दारात सत्तरीचा एक म्हातारा उभा होता. धोतर, काळी टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात गुळाची लहानशी ढेप बांधलेलं फडकं. पायातल्या वहाणा त्याने बाहेरच काढून भिंतीला नीट लावून ठेवल्या होत्या.

"आगटे मास्तरांचं घर न्हवं? मी खैरमोडे. उंब्रजचा."

मी बाजूला झालो. आतून हेमा आली आणि थबकली.

"खैरमोडे काका? तुम्ही कसे?"

"तुम्हीच बोलावलं न्हवं का, बाई." म्हाताऱ्याने बंडीच्या खिशातून माझं ते अंतर्देशीय काढलं. "ह्ये काय. रविवारी अकरापातुर या म्हणून."

हेमाने पत्र हातात घेतलं. एकदा वाचलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी गुळाच्या ढेपेकडे पाहिलं.

"आक्षर तुमचं न्हाई, ते मला बघितल्याबरोबर कळलं," म्हातारा अगदी साधेपणाने म्हणाला. "पस्तीस वर्सं तलाठी हुतो. सह्या आन आंगठे बघण्यात जनम गेला. पण म्हटलं, घरातल्याच कुणीतरी बोलावलंय. वाईट कशाला धरायचं?"

"बरोबर आहे," हेमा म्हणाली. पत्राची घडी घालून तिने ती कमरेला खोचली. "घरातल्यांनीच बोलावलंय. बसा ना."

तो खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसला. घर बघायला आला होता, पण त्याने इकडेतिकडे फारसं पाहिलं नाही. जिन्याकडे मात्र एकदा पाहिलं. आमच्या घरातून माळ्यावर जायला एक लाकडी जिना होता. त्याखाली माझी लिहायची बैठक होती.

"ह्योच जिना," तो म्हणाला.

हेमा पाणी आणायला आत गेली. म्हातारा माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुम्ही तर लेखक. शिवाय घरचेच. सगळ्यात आदी तुम्ही वाचली असंल. तुम्हांला 'तो' कसा वाटला?"

इतक्या पत्रांचा अभ्यास झाला होता. मी घसा साफ केला.

"'तो' म्हणजे एक अतृप्त आत्मा आहे," मी म्हणालो. "प्रेमात अपुरा राहिलेला. मरणानंतरही त्याला त्या घरातून सुटता येत नाही. या प्रकारच्या वाङ्मयात ही कल्पना तशी जुनी आहे. पण तिने बरी हाताळलीय."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. हेमा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं.

"मरणानंतर?" म्हातारा हळूच म्हणाला. "मास्तर, पण त्यो तर जिता हाय."

"कोण?"

"त्यो. गोष्टीतला. नवरा हाय त्यो तिचा. शेवटच्या पानावं कळतं की. त्येच वाचून तर आमी सगळी…" तो थांबला. त्याच्या ध्यानात आलं. तलाठ्याचीच नजर ती. त्याने मान खाली घातली आणि फडक्याची गाठ सोडायला लागला. "बाई, गूळ आणलाय घरचा. चवीला बरा हाय."

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. हेमाने तांब्या ठेवला, गूळ घेतला, चांगला आहे म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्हाला काय विचारायचं होतं, काका?" ती समोर बसत म्हणाली. "पत्रात लिहिता येणार नाही असं लिहिलं होतंत."

म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमची मंडळी गायची. जात्यावर, भाकऱ्या करताना, कदी बी. गळा चांगला हुता. लगीन झालं तवा मला बरं वाटायचं. मग वाटाया लागलं, ही कुणासाठी गाती? मी घरात नसलो तरी गाती म्हंजे कोण ऐकतंय? कचेरीतनं मधेच उठून यायचो. परसात खिडकीखाली उभा ऱ्हाऊन ऐकायचो. आत कुणी नसायचं, बाई. एक दिवस बी कुणी नव्हतं. तरी म्हैनोनम्हैने उभा ऱ्हायलो."

"त्यांना कळलं होतं?"

"कळलं असंल. एक दिवशी गाणं बंद झालं. भांडण न्हाई, तंटा न्हाई. नुसतं बंद. मी म्हटलं बरं झालं. चाळीस वर्सं तशीच ऱ्हायली घरात. दोन सालाखाली गेली." तो थांबला. त्याने टोपीची घडी सरळ केली. "नातीनं तुमचा अंक आणला तवा वाचला. आन मला वाटलं, ह्यो खिडकीखाली हुबा ऱ्हायलेला मीच की. भूत भूत म्हणत्यात, ते मेल्यावं हुतंय असं थोडंच हाय."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मी माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यात बसून होतो.

"तुमच्या गोष्टीत शेवटी ती दाराशी जाती," म्हातारा म्हणाला. "कडीवं हात ठेवती. आन गोष्ट संपती. पुढं काय हुतं, त्ये तुम्ही लिवलं न्हाई. मला तेवढंच इचारायचं हुतं. ती जाती का?"

हेमाने पदराने तांब्याचं झाकण पुसलं, जे आधीच कोरडं होतं.

"ते अजून माझं ठरलेलं नाही, काका," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली. उत्तर त्याला पटलं असावं. तो जेवला, मेथीची भाजी दोनदा मागून घेतली आणि दोनच्या गाडीला निघाला. त्याला स्टँडवर सोडायला मी गेलो. गाडीत चढताना तो वळला आणि म्हणाला, "मास्तर, वाचा की. बारीक टाइप हाय, पण वाचा."

घरी आलो तेव्हा हेमा मागे परसात कपडे वाळत घालत होती. मी फळीवरचा अंक काढला. तो आपोआप माझ्याच कथेवर उघडला, इतक्या वेळा तो तिथेच उघडला गेला होता. मी शेवटची पानं काढली आणि जिन्याखाली बसून 'राहतं घर' वाचली.

ती चांगली होती. तिच्यात एक बाई नव्या घरात येते आणि तिला वाटतं की इथे कुणीतरी आहे. तिच्या वस्तू जागच्या हललेल्या असतात. ती वर असली की जिन्याखाली कुणीतरी श्वास रोखून उभं असतं. ती हसली की घर गप्प होतं. आपण कशाला हसलो ते त्याला समजलं नाही, म्हणून त्याला राग येतो, हे तिला कळतं. मग ती कमी हसते. पाटीवर पाण्याने लिहिते, म्हणजे वाळून जाईल. आणि शेवटच्या पानावर तिच्या बहिणीचं पत्र येतं. ती ते उघडायला जाते तर पाकिटाच्या जिभेखाली काहीतरी टणक लागतं. ती नखाने काढते. भाताचं वाळलेलं शीत असतं. घरात भात दोघंच खात असतात, ती आणि तिचा नवरा. ती पत्र न वाचता उठते आणि दाराशी जाते.

मी ते शीत पुन्हा वाचलं. मग अंक तसाच हातात घेऊन परसात गेलो.

"हेमा, तू हे केव्हा लिहिलंस?"

"मे महिन्यात. तुम्ही पेपर तपासायला साताऱ्याला होतात तेव्हा."

"पण मी मे महिन्यात… मी तोवर तुझं एकही पत्र…"

"माहीत आहे." ती माझं धोतर झटकत होती. "आईची पत्रं तुम्ही मागून वाचायचात आणि मी द्यायची. मी द्यायची थांबले तर तुम्ही काय कराल, एवढाच विचार केला. बाकीचं सुचत गेलं."

"आणि मी फोडतोय हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच पाकिटाला. कोपऱ्यात अर्धं शीत तसंच होतं." तिने धोतर दोरीवर टाकलं आणि चिमटे लावायला लागली. "फोडलंत त्याचं एवढं वाटलं नाही. पण शीत बघितलं आणि कळलं, यांनी माझी कथा वाचलेली नाही. वाचली असतीत तर डिंक आणला असतात."

मी खाली पडलेला एक चिमटा उचलून तिच्यापुढे धरला.

"पुढच्या पाकिटाला वाटलं, आता तरी वाचली असेल. त्याच्या पुढच्यालाही वाटलं. प्रत्येक पाकीट मी आधी बोटाने चाचपून बघायची," ती म्हणाली. "एवढी नगर-बार्शीची माणसं वाचत होती आणि मी रोज शीत आहे का ते बघत होते."

माफी मागायला शब्द होते. माझा धंदाच तो. पण मी नुसता हातातला अंक मिटला. तिने रिकामी बादली उचलली आणि माझ्या बाजूने आत गेली.

ती घर सोडून गेली नाही. पण त्या आठवड्यात तिने टिळेकरांना कार्ड टाकलं आणि तिचं टपाल बालवाडीच्या पत्त्यावर जायला लागलं. दुपारी दोनला पोस्टमन आमच्या दारावरून सायकलवर पुढे जायचा. रेडिओशेजारची फळी रिकामी दिसायची. संध्याकाळी चहाच्या वेळी ती "वाचून दाखवू?" असं विचारेना. मी दोनदा स्वतःहून विचारलं, आज काही आलं का. "आलंय," ती म्हणाली. तेवढंच.

फेब्रुवारीत मी एक कार्ड आणलं. माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहिलं. 'सौ. हेमलता आगटे यांस. "राहतं घर" वाचली. उशिरा वाचली. वाचली असं आधी सांगितलं होतं ते खोटं होतं. शेवट घाईत झालेला नाही. कथा माझ्या कथेपेक्षा पुष्कळ चांगली आहे आणि हे लिहिताना मला त्रास होतो आहे. ती जाते का, हे मलाही विचारायचं आहे. आपला एक वाचक, पद्माकर आगटे.' पत्ता बालवाडीचा घातला. कार्डच घेतलं, मुद्दाम. पोस्टमनपासून बालवाडीच्या सेविकेपर्यंत कुणीही वाचावं.

उत्तर येईल की नाही याची खात्री नव्हती. ती घरात माझ्यासमोर जेवत होती, दूध तापवत होती, खिडक्या लावत होती, आणि मी रोज शाळेच्या ऑफिसात आपल्याला काही टपाल आहे का ते विचारत होतो. ती प्रत्येक वाचकाला उत्तर द्यायची, हे मला ठाऊक होतं. दहाव्या दिवशी शिपायाने पाकीट आणून दिलं. मी ते बोटाने चाचपून पाहिलं. डिंकाने नीट चिकटवलेलं होतं.

'आ. वाचक, पत्राबद्दल आभार. ती अजून घरातच आहे. कडी मात्र काढलेली आहे आणि ती पुन्हा कुणी लावू नये अशी तिची इच्छा आहे. हेमलता आगटे.'

त्याला आता छत्तीस वर्षं झाली. हेमाची पाच पुस्तकं आली. पत्रं लिहिणारी माणसं राहिली नाहीत, आता तिला फोन येतात. ती ते बाहेरच्या ओसरीवर जाऊन घेते आणि मी आतून उठत नाही. खैरमोडे वारले तेव्हा त्यांच्या नातीने हेमाची सगळी पत्रं परत पाठवली. हेमाने तो गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाचायची असतील तर वाचा." मी वाचली नाहीत. फक्त गठ्ठा हातात तोलून पाहिला. म्हाताऱ्याला तिने प्रत्येक वेळी दोन-दोन पानं लिहिली होती. मला साडेतीन ओळी.